‘डिलीट केलेले मेल परत दिसले’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय, स. न. वि. वि.

आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. मात्र ‘मेल कायमचे पुसण्याचे ६०० रुपये घेतले आणि तेच मेल घरच्या जुन्या लॅपटॉपवर जसेच्या तसे दिसले, ही शुद्ध फसवणूक आहे’ असे आपण लिहिले आहे. त्यातला ‘फसवणूक’ हा शब्द जिव्हारी लागला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आपण दुकानात नवा लॅपटॉप आणला होता. जीमेलचा ट्रॅश, जिथे काढलेले मेल एरवी ३० दिवस पडून राहतात, तो आपल्यासमोरच रिकामा केला. त्यानंतरही गूगलच्या सर्व्हरवरून मजकूर पूर्ण जायला साधारण २ महिने आणि बॅकअपमधून जायला ६ महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो, असे गूगल स्वतःच सांगते. हे मी पावतीच्या मागे लिहूनही दिले होते.

आता मूळ मुद्दा. आपण जोडलेल्या फोटोत थंडरबर्ड, म्हणजे संगणकावर मेल वाचण्याचे सॉफ्टवेअर, उघडे आहे आणि ते मेल ‘लोकल फोल्डर्स’खाली दिसतात, म्हणजे ते पूर्वीच त्या लॅपटॉपवर उतरवून घेतलेले आहेत. टपालपेटीतले पत्र घरच्या कपाटात नेऊन ठेवल्यावर पेटी कितीही वेळा झाडली तरी कपाटातले पत्र हलत नाही. घरी दुसरे मशीन आहे का, हे मी विचारले होते. आपण फोनवर बोलत होता आणि मानेनेच नकार दिलात.

बरे, तिथे आपण स्वतः डिलीट केले असते तरी भागले नसते. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये साठवते. काढलेल्या मेलवर फक्त खूण होते आणि ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत, म्हणजे खूण केलेले मेल फाइलमधून गाळून टाकेपर्यंत, मजकूर फाइलमध्येच राहतो. त्यानंतरही हार्ड डिस्कवरची ती जागा केवळ मोकळी म्हणून नोंदली जाते, तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर परत काढता येऊ शकतो. शिवाय ज्यांना ते मेल गेले, त्यांच्याकडच्या प्रतींवर ना आपला अधिकार, ना माझा.

६०० रुपये आणलेल्या एका मशीनचे आणि एका खात्याचे होते. याच दुकानावर आमचे घर चालते. एक तारा देताना याचाही विचार व्हावा, एवढीच विनंती. यापुढे अशा कामाआधी ग्राहकांना अधिक नीट कल्पना देण्याचा प्रयत्न करूच.

जुना लॅपटॉप चार्जरसह घेऊन या, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असते.