खुलासा : जलपर्णीने नदी पिण्याजोगी होत नाही

"नदीतली जलपर्णी काढू नका, ती कारखान्यांचं विष गिळते आणि पाणी पिण्याजोगं होतं" हा मेसेज फिरतोय. रविवारी मीही तो न तपासता पुढे ढकलला. चूक माझी.

त्यात खरं एवढंच की जलपर्णीच्या काळपट, पिसांसारख्या मुळांत क्रोमियम, कॅडमियम, शिसं साठतं. साठतं, नष्ट होत नाही. धातू मूलद्रव्यं आहेत, जाणार कुठे? झाड जागीच कुजलं की माल परत गाळात आणि पाण्यात. शिवाय मुळा-मुठेवर उन्हाळ्यात पसरणारा तो हिरवा गालिचा सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरच पोसलेला असतो. त्याखाली प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

वनस्पतींनी सांडपाणी साफ करायची पद्धत मात्र खरी आहे. खडी-वाळूचे वाफे, त्यात पाणकणीस किंवा कर्दळ. सेंद्रिय घाण पचवायचं बरंचसं काम मुळांभोवतीचे जिवाणू करतात. पण कारखान्याचं पाणी आधी सामू ठीक करून, गाळ बसवून मगच तिथे सोडायचं असतं. बाहेर पडणारं पाणीही पिण्याचं नव्हे. आणि धातू शोषलेली झाडं गुरांपुढे टाकायची नाहीत, खतातही नाहीत.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझा मी डिलीट केलाय.