ब्रोशरच्या आधी डेटाशीट

कंपन्यांना माल विकणाऱ्या गोव्यातल्या लहान उद्योजकांसाठी हे लिहितोय. कुंडई, मडकई, बेतोडा, वेर्णा, डिचोली, थिवी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, कोणी खोके बनवतं, कोणी पाइप फिटिंग, कोणी गास्केट, कोणी लेबलं. माल चांगला असतो. पण मार्केटिंगचा पैसा कुठे जातो ते बघून जीव तुटतो. माझा धंदा छपाई आणि डिझाइनचा, फोंड्यात. ब्रोशरं छापूनच घर चालतं, आणि तरीही सांगतो: बहुतेकांना सुरुवातीला ब्रोशरची गरज नसते. आधी हवी ती डेटाशीट, म्हणजे मालाचे नेमके तांत्रिक आकडे देणारं एक पान.

जाड आर्ट पेपर, कव्हरवर मावळता सूर्य आणि माड, आत संस्थापकांचं मनोगत, मग 'उच्च दर्जा, वेळेवर पुरवठा, वाजवी दर'. कंपनीचं नाव झाकलं तर ते व्हॉल्व्हवाल्याचं की खोकेवाल्याचं हे सांगता येणार नाही. पर्चेसमधला माणूस हे कव्हर बघून ऑर्डर देत नाही हो.

कारखान्यात खरेदी एकट्याच्या हातात नसते. मेंटेनन्सच्या इंजिनिअरला तुमचा माल पटतो, तो इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकतो. औषध कंपनी असेल तर क्यूए (गुणवत्ता बघणारं खातं) कागदपत्रं तपासतं. पर्चेस आणखी दोन-तीन कोटेशनं मागवतं. शेवटी अकाउंट्स. यातल्या एकाच माणसाशी तुमची भेट झालेली असते. पुढच्या टेबलांवर तुम्ही जात नाही, तुमचा कागद जातो. म्हणून काहीही छापण्याआधी विचारायचं ते हे: हा कागद नेमका कोणाच्या टेबलावर जाणार, आणि त्या माणसाचं कोणतं काम हलकं करणार?

वेर्ण्याच्या फार्मा कारखान्यांचं उदाहरण घेऊ. तिथे 'उत्तम प्रतीचं स्टेनलेस स्टील' या शब्दांना काडीची किंमत नाही. ग्रेड लिहा: ३१६एल. त्यातला 'एल' म्हणजे कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के, म्हणून वेल्डिंगनंतर जोडाशेजारी गंज धरण्याचा धोका कमी. आतल्या पृष्ठभागाचं फिनिश किती, तो आरए (सरासरी खडबडीतपणाचा) आकडा लिहा. आणि स्टील मिलचं टेस्ट सर्टिफिकेट जोडा, ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे ३.१ प्रकारचं, ज्यावरचा हीट नंबर (स्टील ज्या घाण्यात वितळवलं त्याचा नंबर) मालावर कोरलेल्या नंबराशी जुळतो. क्यूएवाला हा नंबर खरोखर ताडून बघतो. तो जुळला की तुमची फाइल पुढे सरकते. हे सगळं एका ए-फोर पानात बसतं. त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर मिनिटभरात जाते, आणि इंजिनिअर ती तशीच साहेबांना फॉरवर्ड करू शकतो.

खोकेवाल्यांना तर मी हात जोडून सांगतो. 'मजबूत पाच प्लाय बॉक्स' एवढंच लिहून थांबू नका. कागदाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) आणि बर्स्टिंग फॅक्टर द्या. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की बर्स्टिंग स्ट्रेंथ, म्हणजे कागद किती दाबाला फुटतो ते, निघते, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये; समोरचा हा हिशेब करतोच. त्याहून महत्त्वाचा आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत जो ओलावा असतो, त्यात पुठ्ठा पाणी ओढतो आणि थप्पीतला सगळ्यात खालचा खोका बसतो. डिस्पॅचवाल्याची खरी डोकेदुखी तीच. मग कॉब व्हॅल्यू द्या, म्हणजे ठरावीक वेळात, बहुधा ६० सेकंदांत, कागद एका चौरस मीटरला किती ग्रॅम पाणी शोषतो तो आकडा. पावसात किती थरांची थप्पी लावावी तेही सांगा, पण स्वतः चाचणी करून. बाहेरचा पुरवठादार हे कदाचित सांगणार नाही. तुम्ही इथले आहात, तुम्हाला हा पाऊस ठाऊक आहे. ब्रोशरवर माडाचा फोटो घालण्यापेक्षा गोव्याचं असणं इथे दिसू द्या.

छापायचंच असेल तर भिंतीवर राहील असं छापा. फिटिंग विकणाऱ्याने पाइपांचा तक्ता द्यावा. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर नसतो, शेड्यूल पाइपात (ज्याची जाडी शेड्यूल नंबराने सांगतात) तो ३३.४ असतो, हे नवख्या फिटरला कोणीतरी सांगावंच लागतं. असा लॅमिनेट केलेला तक्ता वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं टिकतो, खाली तुमचा फोन नंबर. दिवाळीचं कॅलेंडर घरी जातं आणि स्वयंपाकघरात लागतं; तिथून इंडेंट निघत नाही.

मशीन विकणाऱ्यांसाठी अजून एक. मॅन्युअल इंग्रजीत असू दे, पण चालवणाऱ्यासाठी एक पान हिंदीत आणि मराठीत किंवा कोंकणीत करा, मोठ्या अक्षरात, चित्रांसह. मशीन नीट चाललं तर पुढचं मशीन तुमच्याकडूनच घ्यावं असं तोच सुपरवायझरला सांगतो. या पानावर खर्च करायला कोणी तयार होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेबसाइट साधी असली तरी चालेल, फक्त डेटाशीट फोन नंबर न मागता डाउनलोड व्हायला हवी. फोटो आपल्याच शेडमधले, आपल्याच मालाचे. इंटरनेटवरून उचललेला हेल्मेटवाला गोरा इंजिनिअर नको. सॅम्पल दिलं तर त्यावर लेबल हवंच: ग्रेड, लॉट नंबर, तारीख, फोन. बिनलेबलचं सॅम्पल महिन्याभराने ड्रॉवरमध्ये सापडतं तेव्हा ते कोणाचं हे कोणालाच आठवत नाही.

आणि कोटेशन. तेही मार्केटिंगच आहे. एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक), जीएसटी नंबर, पुरवठ्याची मुदत, दर किती दिवस लागू, हे सगळं वरच दिसू द्या. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर उद्यम नंबर (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) ठळक घाला. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी तुमचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाही, आणि २०२३-२४ पासून उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात वजा करता येत नाही. अकाउंट्सवाल्याला हे माहीत असतं. तुम्ही उद्यम नोंदलेले आहात हे त्याला तुमच्या कागदावरून कळायला हवं.

कोणाला अशी डेटाशीट करायची असेल तर मेसेज करा. येताना लोगो नको, गिऱ्हाइकांनी गेल्या वर्षभरात फोनवर पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न लिहून आणा. त्यांच्या उत्तरांपासून सुरुवात करू.