घोड्याचं गोत्र

त्या शनिवारी बायको चहा घेऊन गॅरेजमध्ये आली तेव्हा मी बॉनेटखाली कंबरेपर्यंत गेलेलो होतो. दातांत बॅटरी, एका हातात कापसाची काडी आणि दुसऱ्या हातात तिची नेलपेंट काढायची बाटली.

"माझी बाटली कशाला घेतलीस?"

"अं अं अं," मी म्हणालो. दातांत बॅटरी असताना एवढंच म्हणता येतं.

ती बाटली घेऊन गेली. चहाही घेऊन गेली.

झालं होतं असं की मी घोडा विकत घेतला होता. फोर्ड मस्टँग, मॉडेल १९६७, फास्टबॅक, म्हणजे छप्पर मागे घसरत उतरणारी, लालभडक. पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरच्याही पलीकडे, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून अडीच तासांवर, एका गृहस्थाच्या कोठारात ती उभी होती. एअर क्लीनरवर '३९०' असं स्टिकर. "एस कोड आहे," ते गृहस्थ हळूच म्हणाले. एस कोड म्हणजे ३९० घन इंचांचं, ३२० अश्वशक्तीचं इंजिन, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. त्यामुळे मीही जाणकारासारखी भुवई वर केली. ती भुवई मला बरीच महागात पडली. ज्याला यातलं कळतं तो दहा फुटांवरून सांगेल की बॉनेटखाली ३९० नाही. मी सॉफ्टवेअरवाला. मी स्टिकर वाचलं.

भाड्याच्या ट्रेलरवर घालून गाडी घरी आणली आणि त्याच रात्री मिशिगनहून मेहुण्याचा फोन आला. तो ट्रॉयला राहतो, त्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही लोक कार्ब्युरेटरवर बोलतात.

"दाजी, व्हिन काय आहे?"

"बघून सांगतो."

हे दोन शब्द बोलून मी गेलो तो चार महिने परत आलो नाही.

व्हिन म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेला ओळख नंबर. आताच्या गाडीचा हा नंबर कुठे असतो ते सगळ्यांना माहीत आहे. विंडशील्डमधून डोकावलं की डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, सतरा आकडी. मी डोकावलो. काही नाही. दुसऱ्या बाजूने डोकावलो. तिकडेही फक्त एक मेलेली माशी. मेहुणा म्हणाला, "अहो, डॅशबोर्डवर अडुसष्टपासून. तुमची सदुसष्ट." म्हणजे एका वर्षाने हुकलो. सदुसष्टपर्यंतच्या मस्टँगचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटच्या आत, मडगार्ड जिथे आतल्या पत्र्यावर बसतं त्या काठावर ठोकलेला असतो. तो अर्धा मडगार्डखालीच जातो. मग फोर्डने काय करावं? मडगार्डलाच तिथे खाच पाडून ठेवली. घराला खिडकी ठेवायची विसरल्यावर भिंत फोडावी, तसं. शिवाय तोच नंबर आणखी दोन ठिकाणी, पण तो मडगार्ड खोलल्याशिवाय दिसत नाही. चोराने वरचा बदलला तर खालचा साक्षीला, असा हिशोब.

पण आधी दरवाजा बघितला. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या कडेला एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर गाडीची सगळी पत्रिका: बॉडी, रंग, आतलं कापड, तारीख, कुठल्या विक्री जिल्ह्यातून मागणी आली, अॅक्सल, गिअर. आमच्या पट्टीवर नंबरात एस होता. रंगाच्या घरात टी, म्हणजे कँडीअॅपल रेड. गाडी लाल, अक्षरही लाल. मी खूश होऊन फोटो पाठवला.

दहा मिनिटं उत्तर नाही. मग: "दाजी, तारखेच्या घरात काय आहे?"

"एकवीस आय."

"आय?"

"आय. नववं अक्षर. सप्टेंबर." मी बोटांवर मोजूनच सांगितलं होतं.

"फोर्डच्या महिन्यांत आय नसतो हो! एच ऑगस्ट, जे सप्टेंबर. आय आणि एक सारखे दिसतात म्हणून मधला आय गाळलाय."

मी पट्टी पुन्हा पाहिली. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या दरवाजावर ती नव्या वाटीसारखी चमकत होती. अशा पट्ट्या नव्या करून मिळतात, त्यावर सांगाल ती अक्षरं ठोकून देतात. ज्याने आमची ठोकून घेतली त्यानेही माझ्यासारखंच बोटांवर मोजलं असणार. एवढा लबाड माणूस, पण बाराखडीवर विश्वास ठेवला आणि फसला. मला क्षणभर त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

तर खरा नंबर म्हणजे तो खाचेतला, आणि त्याच्यावर लाल रंगाचे इतके थर की आकडे म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे. पॉलिश पेपरने घासावं म्हटलं तर मेहुणा ओरडला. तिथला आकडा घासला गेला, तर ती गाडी कुणाचीच राहत नाही, आणि नंबर मिटवणं, बदलणं हा इथे केंद्र सरकारचा गुन्हा आहे. म्हणून ती नेलपेंटची बाटली. बायकोने ती जप्त केल्यावर मी दुकानातून दुसरी आणली. रंग सुटला. लालखाली काळा, काळ्याखाली भुरकट, आणि सगळ्यात खाली एक हिरवट-पिवळा, शेवाळावर ऊन पडल्यासारखा. आकडे मात्र तसेच धूसर. सात, मग काहीतरी, शून्य, दोन, मग एस किंवा सी किंवा नुसता गंज.

शेवटी पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना गाड्यांतलं काही कळतं म्हणून नाही, रविवार होता म्हणून.

बाबांनी कॅमेऱ्यातून नीट पाहिलं आणि म्हणाले, "पेन्सिलने प्रिंट काढ."

आणि एकदम एकोणनव्वद साल समोर आलं. आमची स्कूटर विकली तेव्हा आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट द्यायची होती. एजंट पंधरा रुपये मागत होता. बाबांनी भर दुपारी वाड्यात स्कूटर आडवी घातली, मला हँडल धरायला लावलं आणि पातळ कागद लावून तीन प्रिंट काढल्या. एक फॉर्मवर डकवायला, एक ती हरवली तर, आणि तिसरी "काय सांगावं" म्हणून. ती तिसरी अजून फायलीत आहे. स्कूटर नाही, एजंट नाही, तो वाडाही नाही.

"कुठली पेन्सिल घेतलीस?"

"एचबी आहे, बाबा."

"टू-बी घे. उभी नको धरू, आडवी धर. खरवडायचं नाही. कागदाला नुसतं कुरवाळायचं."

"कागद हलतोय."

"चिकटपट्टी लाव ना मग! तिकडे मिळत नाही का?"

लावली. कुरवाळलं. आणि फोटो डेव्हलप व्हावा तशी एकेक अक्षरं वर आली: सात, टी, शून्य, दोन, सी, आणि पुढे सहा आकडे.

सी. एस नव्हे. सी म्हणजे २८९ घन इंच, टू बॅरल कार्ब्युरेटर, २०० अश्वशक्ती. आईने मंडईत जायला घेतलेली मस्टँग. स्टिकरने माझे १२० घोडे गिळले होते.

"मग आत्ता आत आहे ते तरी २८९ आहे का?" मेहुण्याने विचारलं. त्याला सांत्वन करता येत नाही. इंजिनाचा ओतीव नंबर बघायला गाडीखाली जावं लागतं, मागे उजवीकडे, स्टार्टरच्या वर. त्यासाठी स्टार्टर खोलला. अर्धा चमचा तेल डाव्या डोळ्यात गेलं. डी-चार-डी-ई. फोर्डच्या हिशोबात पहिलं अक्षर दशक: सी म्हणजे साठचं, डी म्हणजे सत्तरचं. मग वर्ष, चार. मग गाडी, डी म्हणजे मॅव्हरिक, फोर्डचीच दुसरी गाडी. मग ई म्हणजे इंजिन, तेवढं तरी इंजिन निघालं. थोडक्यात, १९७४ नंतर कधीतरी घडवलेलं मॅव्हरिकच्या घराण्याचं ३०२ घन इंचांचं इंजिन, सदुसष्टच्या २८९ च्या जागी, ३९० चं स्टिकर लावून.

मेहुणा म्हणाला, मॅचिंग नंबरचा, म्हणजे गाडी आणि इंजिन यांचे नंबर जुळण्याचा, प्रश्नच नाही, कारण सदुसष्टपर्यंत फोर्ड ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकतच नसे, अपवाद फक्त के कोडच्या खास २८९ चा. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. त्याला स्वतःला शेव्हरलेची शेव्हेल हवी आहे आणि तिथे दुःख वेगळं. तिच्या दांडग्या अवताराला, एसएस ३९६ ला, १९६६ ते ६८ मध्ये नंबरातच १३८ अशी वेगळी ओळख होती, एकोणसत्तरपासून एसएस नुसता पर्याय झाला आणि नंबर मुका झाला. तेव्हापासून लोक कारखान्याचा कागद शोधायला मागच्या सीटच्या स्प्रिंगांत आणि पेट्रोलच्या टाकीवर हात घालतात. बहुधा उंदीर आधी पोचलेला असतो. पॉन्टिअॅक जीटीओ तर मूळची मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दांडगी गाडी, चौसष्टची. पण चौसष्ट-पासष्टला तिच्या नंबराला आपण जीटीओ आहोत हेच ठाऊक नाही. २४२ हा आकडा मिळाला तो सहासष्टला. आणि आमच्या मंडळातल्या एका काकांकडे प्लिमथ आहे, तिच्या मडगार्डवरची पट्टी खालच्या ओळीपासून वर वाचायची असते. काका ती तीन वर्षं वरून खाली वाचत होते आणि त्यांना वाटत होतं गाडी कॅनडाची आहे.

(जाणकार आता म्हणतील, मस्टँग मसल कार नाहीच, पोनी कार, म्हणजे तट्टू. मान्य. माझी तर निम्मी मॅव्हरिक आहे, मला कुठल्याच पंक्तीला बसवू नका.)

विमा उतरवायला फोन केला तेव्हाची गंमत.

"व्हिन सांगा."

सांगितला.

"पुढचे सहा?"

"पुढे नाहीत. अकराच आहेत."

"सर, व्हिन सतरा अक्षरांचा असतो."

"तो १९८१ पासून. त्याआधी ज्याचा त्याचा वेगळा."

थोडी शांतता. "मी सिस्टममध्ये अकरा टाकले तर ती लाल होते."

"माझी पण लालच आहे. आधी हिरवी होती."

तिने मला होल्डवर टाकलं. सतारीसारखं काहीतरी वाजत होतं, सतार नव्हती.

हिरवी होती हे आता नक्की होतं. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या नोंदी मार्टी नावाच्या कंपनीकडे असतात, पैसे भरले आणि नंबर दिला की अहवाल येतो. तो आला. फास्टबॅक खरी. ऑटोमॅटिक खरी. बांधणी मार्चमधली. मूळ रंग लाइम गोल्ड. लाइम गोल्डचं कोड अक्षर काय, तर आय! महिन्यात नको म्हणून हाकललेला आय यांनी रंगात घेतला होता. मी बायकोला हे हसून सांगितलं. ती हसली नाही. तिची नजर दुसऱ्या अक्षरावर होती.

"टी म्हणजे काय?"

"कारखाना. डिअरबॉर्नला एफ, सॅन होजेला आर, टी म्हणजे मेटचन." अक्षरांचा आणि गावांचा काही संबंध नाही, हे मी तिला समजावून सांगू लागलो.

"मेटचन? आपलं मेटचन? माझ्या डेंटिस्टचं?"

फोर्डने नाव मेटचन दिलं, पण कारखाना उभा होता एडिसनमध्ये, रूट वनवर. १९४८ ते २००४. ओक ट्री रोडवर आम्ही पनीर आणायला जातो तिथून दहा मिनिटं. म्हणजे आम्ही भाड्याने ट्रेलर घेऊन, टोल भरत, अडीच तास जाऊन, अडीच तास येऊन, तिला तिच्याच गावात आणलं होतं.

"माहेरी आलीय ती," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती चहाचं निमित्त नसताना गॅरेजमध्ये आली आणि मडगार्डवर हात फिरवला. "आणि तू तिला तशीच उभी केलीस?"

पुढच्या रविवारी मस्टँग चालली. मॅव्हरिकच्या इंजिनाने कुरकुर केली नाही. कारखान्याच्या जागी आता दुकानं आहेत आणि फुटबॉलच्या मैदानाएवढं पार्किंग. बायकोने पर्समधून कुंकवाची कोयरी काढली, बॉनेटवर बोट टेकवलं, ओंजळभर तांदूळ आणि नारळ ठेवला. शेजारी ट्रॉलीत टॉयलेट पेपर भरून निघालेलं एक जोडपं थांबून बघत होतं. त्या बाईने नम्रपणे विचारलं, गाडीचा वाढदिवस आहे का? बायको म्हणाली, साधारण तसंच.

मी बाबांना फोटो पाठवला. नारळाचा, पार्किंगचा, आणि त्या पेन्सिलीच्या प्रिंटचा, जी मी फ्रेम करून गॅरेजमध्ये लावली आहे. पुण्यात मध्यरात्र होती. तरी निळ्या खुणा लगेच उमटल्या आणि फोनच आला.

"एकच काढलीस?"