कादंबरी आणि असूड एकाच पिशवीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. प्रौढ सभासदांसाठी मी केलेल्या वर्षभराच्या वाचनयादीवर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : बारा पुस्तकांपैकी सहा कादंबऱ्या आहेत, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि ज्याचा कापूस बोंडअळीने खाल्ला आहे, त्याला कल्पित गोष्टी वाचायला सांगणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे आहे, अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने खरे आणि उपयोगी तेवढेच सुचवावे, आणि खानदेशातल्या ग्रंथपालाच्या यादीत इथली बोली अहिराणी औषधालाही नाही. शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्याकडे मी नंतर येते.

आधी माझी एक चूक सांगते, कारण आपल्या नाराजीचे मूळ बहुधा तिच्यातच आहे. ही यादी मी जोड्यांनी केली होती. प्रत्येक कादंबरीला तिच्याच विषयाचे एक वैचारिक, आत्मकथनपर किंवा तत्सम पुस्तक लावले होते आणि दोन्ही एकाच वेळी घरी न्यावीत, अशी माझी कल्पना होती. लिहिताना मात्र मी सवयीने कादंबऱ्या एका मथळ्याखाली आणि इतर पुस्तके दुसऱ्या मथळ्याखाली दिली, त्यामुळे जोड्या तुटल्या आणि यादीचा हेतूच वाचकापर्यंत पोहोचला नाही.

हा हेतू मला देवघेवीच्या टेबलावर सुचला. चाळिशी-पन्नाशीत वाचनाकडे परतणारा माणूस बहुतेक वेळा ‘काहीतरी खरे, कामाचे द्या’ असेच म्हणत येतो. आमचे एक सभासद, कोरडवाहू कापूस करणारे, महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ मागायला आले होते. प्रत्येक जयंतीला त्यांनी त्या पुस्तकाचे नाव ऐकले होते. आठ दिवसांनी त्यांनी पुस्तक परत आणले. वीसेक पानांपुढे जाता आले नाही, असे ते संकोचून म्हणाले. त्यात त्यांचा दोष नव्हता. ते 1883 सालचे गद्य आहे. वाक्ये लांब, संताप दाट आणि संदर्भ ब्रिटिश अमलातल्या कचेऱ्यांचे. मी त्यांना सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ दिली. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, घरातली कोरडवाहू शेती आणि नोकरीसाठी पैसे मोजण्याचा प्रश्न, हे सगळे आपल्या जामनेर-मुक्ताईनगरला लागून असलेल्या बुलढाण्याकडच्या लेखकाने लिहिलेले आहे. शेतीची वीज रात्रपाळीची असताना पाणी भरायला जाऊन, मोटारीच्या खोलीतल्या दिव्याखाली त्यांनी ती कादंबरी संपवली आणि पुढच्या आठवड्यात ‘असूड’ पुन्हा मागून नेला.

या वेळी त्यांनी तो पूर्ण वाचला. डोंगरावरून वाहून जाणारी गाळाची माती शेतातच राहावी म्हणून सरकारने ताली-बंधारे घालावेत, असे फुल्यांनी त्यात सुचवले आहे. तेवढा भाग त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि एकनाथच्या घरात जे कोणाला उमगले नाही ते या माणसाने सव्वाशे वर्षांआधी लिहून ठेवले होते, असे मला अहिराणीत सांगितले. सर, कादंबरीने त्यांचा वेळ घालवला, असे मी कसे म्हणू? त्या अवघड, उपयोगी पुस्तकाचे दार त्यांना कादंबरीनेच उघडून दिले. उलट, नुसती ‘बारोमास’ वाचून ते थांबले असते, तर घराघरांत दिसणारे दुःख पुन्हा एकदा छापील पाहिल्याची हळहळच त्यांच्याजवळ उरली असती. त्या दुःखाची कारणे मांडणारे पुस्तक शेजारी असणे मला म्हणूनच आवश्यक वाटते.

तातडीच्या माहितीचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. 2017 च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने कापसाची बोंडे आतून पोखरली, तेव्हा कामगंध सापळ्यांची (गंधाने अळीचे पतंग पकडणारे सापळे) आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस शेतात राखून घेतलेले वाढीव पीक, न घेण्याविषयीची पत्रके आम्ही वाचनालयाच्या फळ्यावर लावली होती आणि ती लोकांनी उतरवून नेली. असे काम वाचनालयाने केलेच पाहिजे. पण पत्रक हंगामापुरते असते. माझी यादी उरलेल्या संध्याकाळांसाठी आहे.

‘खरे’ या शब्दाविषयी मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे. 1967 या एकाच वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ ही दोन पुस्तके मराठीत आली. (आपली वाचनालये ज्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेतात, तोही त्याच वर्षाचा.) पहिली कादंबरी आहे, दुसरा महाभारतातल्या माणसांवरच्या चिकित्सक लेखांचा संग्रह, कर्ण दोन्हींत आहे. सावंतांचा कर्ण वाचकाला आपल्या बाजूला उभा करतो, त्याच्यावरचा अन्याय वाचकाला स्वतःवरचा वाटू लागतो. कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्या ‘मी कोण?’ या लेखात त्याच कर्णाची कठोर तपासणी करतात आणि त्याच्या उणिवांवर पांघरूण घालत नाहीत. आमच्याकडे ‘मृत्युंजय’ची प्रत शिवून शिवून जाड झाली आहे आणि ‘युगान्त’ची प्रत बरीच वर्षे कोरी राहिली होती. मी दोन्ही एकत्र देऊ लागल्यापासून सभासद टेबलाशी उभे राहून वाद घालू लागले आहेत. एका बाईंनी तर ‘युगान्त’ रागाने परत केले आणि चार दिवसांनी पुन्हा नेले. या दोहोंपैकी खरे कोणते, हे ठरवून एकच पुस्तक ठेवायचे असते, तर मला कोणते काढता आले असते? प्रौढ वाचकाने ठरवलेले मत पुन्हा उघडून पाहावे, एवढे जरी या जोडीने साधले, तरी अनुदानाचा पैसा कारणी लागला असे मी मानते.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही जोडी मी विशेषतः स्त्री-सभासदांना सुचवते. नवऱ्याच्या लहरीमागे संसार ओढत राहणारी ‘धग’मधली कौतिक कल्पित आहे आणि पती रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मागे गावोगाव फिरलेल्या लक्ष्मीबाई खऱ्या, पण ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचणाऱ्या बायका त्यांच्यात असा भेद करताना मला दिसलेल्या नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’ आणि ‘बनगरवाडी’ यांबद्दल एवढेच सांगते की, एकाच लेखकाने एकाच मुलखाची माणसे एकदा व्यक्तिचित्रांत आणि एकदा कादंबरीत लिहिली आहेत. कल्पित आणि वास्तव यांच्यात आपण आखलेली रेघ किती बारीक आहे, हे तिथे पाहता येते.

आता अहिराणीबद्दल. ‘बहिणाबाईंची गाणी’ यादीत घेतली म्हणजे खानदेशची बोली आली, असे मी गृहीत धरले होते आणि ते चुकीचे होते. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली, पण त्यांची बोली लेवा पट्ट्यातली, म्हणजे जळगाव-भुसावळकडची. धुळे, साक्री, अमळनेर, बागलाण या बाजूला घराघरांत बोलली जाणारी अहिराणी तिच्याहून वेगळी आहे आणि तिच्या वतीने बहिणाबाईंना उभे करणे दोघींवरही अन्याय करणारे आहे. सातपुड्याच्या बाजूची तर यादीत ओळही नव्हती. शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह आमच्या कपाटात असूनही मला सुचू नये, याचे मला वाईट वाटते. तो आता यादीत घातला आहे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली ‘गीता प्रवचने’ यादीत आधीपासून होती, हे आपण पाहिले असेलच.

अहिराणी पुस्तकांचे आमचे कपाट लहान आहे. आपल्या प्रतिक्रियेच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की, आपल्या आईने म्हटलेली कानबाईची (खानदेशातल्या लोकदेवतेची) गाणी आणि जात्यावरच्या ओव्या आपण एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. ती वही एकदा वाचनालयात आणावी, अशी माझी विनंती आहे. तिची झेरॉक्स काढून, बांधून, दाखल नोंदवहीत आपल्या आईंच्या नावाने नोंद करून ती प्रत मी अहिराणीच्या कपाटात ठेवीन आणि मूळ वही त्याच दिवशी आपल्या हाती परत देईन. देवघेव संध्याकाळी पाच ते आठ सुरू असते.