विकतचं दुखणं

"विकतचं दुखणं कशाला घेतलंस गं?" ताईने फोनवर हे विचारलं तेव्हा माझ्या ओटीपोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना मुठीत मावतील असे दोन प्लास्टिकचे फुगे लोंबत होते. ऑपरेशनचा पाचवा दिवस होता. तोपर्यंत तिलाही मी सगळ्यांसारखं हर्नियाचं ऑपरेशन म्हणूनच सांगितलं होतं. त्या दिवशी रडता रडता खरं बाहेर पडलं. तिला उत्तर देण्याइतकी ताकद तेव्हा नव्हती. आज 7 महिने झालेत, आता सगळ्यांनाच सांगते.

मी टमी टक करून घेतलं. डॉक्टरांच्या भाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी. जुळ्यांच्या बाळंतपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकले होते, त्याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. व्यायामाने खूपजणींना फरक पडतो, मलाही थोडा पडला. पण ताणून सैल पडलेली कातडी व्यायामाने आत जात नाही. वजन आटोक्यात, मुलं शाळेत जायला लागलेली, आणि लोक विचारायचे, "कितवा महिना?"

"म्हणजे बारीक व्हायला केलंस ना?" नाही हो. यात जास्तीची कातडी आणि तिच्या खालची चरबी जाते. आतड्यांभोवतीची चरबी जिथल्या तिथे राहते. वजन आधी उतरवून, स्थिर ठेवून मगच हे करायचं असतं. आणि "आजकालची फॅडं" म्हणणाऱ्यांसाठी : अमेरिकेत हॉवर्ड केली नावाच्या डॉक्टरांनी लोंबणारं पोट कापून काढायचं ऑपरेशन 1899 साली केलं होतं.

चिरा कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत असतो. कातडी बरगड्यांपर्यंत सोडवतात, फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापतात. बेंबी आतून जोडलेलीच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवं भोक पाडतात. बेंबी जुनीच, दार नवं. हे सगळं होताना तुम्ही भूल घेऊन झोपलेले असता, म्हणून ऑपरेशन हा त्यातला सोपा भाग. खरं सुरू होतं ते घरी आल्यावर.

सरळ उभं राहता येत नाही. मी 10 दिवस काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखी वाकून चालत होते. झोपायचं ते पाठीवर, गुडघ्यांखाली उशा घालून. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर तर लावायचा नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधी उशी शोधायची, ती पोटावर दाबायची आणि मग शिंकायचं. एकदा उशी हाताला लागली नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणि ते फुगे. त्यांना ड्रेन म्हणतात, आत साठणारं पाणी त्यात उतरतं. रोज सकाळी नवरा मापाचा कप घेऊन यायचा, नळी चिमटीत धरून वरून खाली दाबत आणायचा आणि कागदावर लिहायचा : डावा 55, उजवा 40. क्रिकेटच्या स्कोअरसारखं. 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. डावा आठव्या दिवशी निघाला, उजवा बाराव्या. काढताना दुखलं नाही, पण आतून गांडूळ सरकत गेल्यासारखं वाटलं.

पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पहिल्याच दिवशी उठवून चालवतात. यात टाळाटाळ अजिबात करायची नाही. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल. सिगारेट ओढणाऱ्यांना कित्येक आठवडे आधी ती बंद करायला लावतात, नाहीतर जखमेच्या कडांना रक्त पुरत नाही आणि कातडी काळी पडते.

माझं नडलं ते मात्र खोटं बोलण्यामुळे. हर्निया म्हटल्यावर ऑफिसात एकजण म्हणाला, "माझे काका तर आठवड्यात कामावर गेले." मग काय, पंधराव्या दिवशी मीही गेले, लॅपटॉपची बॅग खांद्यावर टाकून. जड उचलायचं नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? दोन दिवसांत पोट एका बाजूला डुचमळायला लागलं. सेरोमा, म्हणजे आत पुन्हा पाणी. ते दोनदा सुईने काढावं लागलं. धाकटीला तर 6 आठवडे उचललं नाही. ती "आई, माझा राग आलाय?" विचारायची.

आज व्रण जांभळट लाल आहे. फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं म्हणतात. जास्त उभं राहिलं की संध्याकाळी अजून थोडी सूज येते. पोट सपाट आहे, आवडतं मला, आणि ते सांगायची आता लाज वाटत नाही. पुन्हा वेळ आली तरी करेन, पण महिनाभराची रजा आणि घरात माणूस ठरवल्याशिवाय तारीख घेणार नाही.

परवा ताई आली होती. व्रण बघितला, बेंबीखाली बोट दाबून म्हणाली, "दुखतं?" म्हटलं, कुठे दाबतेयस तेच कळत नाहीये, तिथे अजून बधिर आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आधी सांगायचंस ना. शिव्या घातल्या असत्या, पण राहायला आले असते."