तृतीया विभक्ती टाळावी

गोळीबारानंतरचा शोकसंदेश लिहायला बसलात की सगळ्यात आधी गावाचं नाव तपासून घ्या. हसू नका. ऑगस्ट २०१९मध्ये टेक्सासातल्या एल पासोत आणि ओहायोतल्या डेटनमध्ये चोवीस तासांच्या आत दोन हत्याकांडं झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टीव्हीवरून टोलेडोतल्या मृतांना श्रद्धांजली वाहिली. टोलेडोही ओहायोतच आहे, पण त्या दिवशी बिचारं शांत होतं. उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या बायडेन यांनी ह्यूस्टन आणि मिशिगनबद्दल हळहळ व्यक्त केली. गावं दोन, पक्ष दोन, चुका तीन. तुम्ही अमेरिकेत नुकतेच सिनेटर झाला आहात असं धरून हे सांगतोय. पहिल्याच पोस्टमध्ये शोभा नको.

आता मजकूर. शाळेतलं ‘रामाने बाणाने रावणास मारले’ हे वाक्य आठवतं ना? त्यात तृतीया दोनदा येते. ‘रामाने’ हा कर्ता, ‘बाणाने’ हे करण, म्हणजे ज्या साधनाने क्रिया घडते ते. अमेरिकन शोकसंदेशाची सगळी कला या दुसऱ्या तृतीयेत आहे. कर्ता ठेवलात तरी चालेल. त्याला नराधम म्हणा, माथेफिरू म्हणा, व्हिडिओ गेमच्या नादी लागलेला म्हणा. करण मात्र कटाक्षाने गाळायचं. ‘अनाकलनीय हिंसा’, ‘सैतानी कृत्य’, ‘काळजाला घरं पडली’ इथपर्यंत खुशाल जा. ‘रायफलीने’ हा शब्द बोटांवर आला की फोन खाली ठेवा, पाणी प्या. त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, २०१८च्या एका अंदाजानुसार ३९ कोटींच्या वर, आणि श्रद्धांजलीत एकही सापडत नाही. हे कसब एका निवडणुकीत येत नाही.

करण गाळल्यावर वाक्यात भोक पडतं, तिथे दरवाजा बसवा. खरंच. २४ मे २०२२ रोजी टेक्सासातल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा सिनेटर टेड क्रूझ यांनी शाळेला ये-जा करायला एकच दरवाजा असावा आणि तिथे सशस्त्र पोलीस असावेत, असं सुचवलं. पोलिसांचे आभार मात्र जरा दमाने माना. गव्हर्नर ॲबट यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं शौर्य वाखाणलं, ‘याहून वाईट घडू शकलं असतं’ असंही म्हटलं. मग कळलं की ३७६ पोलीस जमले होते आणि मारेकऱ्याला गाठायला त्यांना ७७ मिनिटं लागली. ॲबटना ‘माझी दिशाभूल झाली’ म्हणावं लागलं.

प्रार्थना हवीच. आपल्याकडे नेत्याचा हात जोडलेला फोटो मृताच्या फोटोहून मोठा छापतात आणि खाली ‘भावपूर्ण’ लिहितात. तिकडे फ्लेक्स नाही, ‘थॉट्स अँड प्रेयर्स’ आहे. स्वस्त पडतं. फक्त जागा पाहून वापरा. ऑगस्ट २०२५मध्ये मिनिॲपोलिसच्या चर्चमध्ये शाळेची मुलं प्रार्थनेला बसलेली असताना खिडक्यांतून गोळ्या आल्या, दोन मुलं गेली. महापौर जेकब फ्राय यांनी सरळ सांगितलं की ती मुलं प्रार्थनाच करत होती. यावर काय उत्तर द्यायचं ते पक्ष कार्यालयाला विचारा.

कायद्याचं कुणी काढलं तर ‘ही राजकारणाची वेळ नव्हे’ म्हणा. वेळेच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचं वाईट उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २८ एप्रिल १९९६ला पोर्ट आर्थरमध्ये ३५ माणसं मेली आणि बाराव्या दिवशी सगळी राज्यं कडक बंदूक कायद्यांवर एकमत करून बसली; पुढे साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेतल्या. तेराव्याच्या आत! अशी घाई बरी नव्हे. त्यापेक्षा एप्रिल २०१३मधली अमेरिकन सिनेट पाहा. न्यूटाउन गावातल्या सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर चार महिने थांबून, बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याच्या प्रस्तावावर मतदान झालं. बाजूने ५४, विरोधात ४६. प्रस्ताव पडला. साठ लागतात. हे गणित मला चार वेळा समजावून सांगण्यात आलं आहे.

तुम्ही दुसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे असाल तर तुम्हाला तृतीया चालते, रागही चालतो. ‘आता पुरे’ लिहा, आणि राग ओसरायच्या आत खाली देणगीची लिंक चिकटवा.

जुन्या पोस्ट मात्र आधीच झाडून काढा. केंटकीचे प्रतिनिधी थॉमस मॅसी यांनी डिसेंबर २०२१मध्ये नाताळच्या झाडापुढे सहकुटुंब बंदुका धरून फोटो टाकला आणि सांताकडे गोळ्या मागितल्या. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये शाळेतली चार मुलं मारली जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते. तसंच नाताळकार्ड टेनेसीच्या अँडी ओगल्स यांचं. ते काँग्रेसमध्ये पोचले आणि मार्च २०२३मध्ये त्यांच्याच मतदारसंघातल्या शाळेत तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. शोकसंदेश आणि कार्ड लोकांनी शेजारी शेजारी लावून पाहिले. लोकांना उद्योग नसतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या २०१५मधल्या हत्याकांडानंतर तर एक कार्यकर्ता नेत्यांच्या प्रार्थनांखाली त्यांना नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेकडून मिळालेल्या देणगीचा आकडा लिहीत बसला होता. रिप्लाय बंद ठेवा.

आणि मुलांशी थेट बोलणं टाळा. टेक्सासातल्या, न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली पोरंसुद्धा शाळेत दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसायची तालीम करून येतात आणि आजीला व्हिडिओ कॉलवर सांगतात. त्यांना करण ठाऊक असतं.

सँडी हूकच्या वेळी पहिलीत असलेली मुलं जून २०२४मध्ये न्यूटाउनच्या हायस्कूलमधून बाहेर पडली. अशा दिवशी फक्त अभिनंदन करा, टोप्या उडवतानाचा फोटो लावा. मोजायला जाऊ नका. वीस कमी भरतात.