डी क्लर्क यांची माफी आणि इतिहासाचा निवाडा

दक्षिण आफ्रिकेचे अखेरचे गोरे राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये, मृत्यूच्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या चित्रफितीत तेथील गोऱ्या राजवटीच्या वर्णभेदाच्या धोरणाबद्दल विनाअट माफी मागितली असल्याने ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे त्यांच्यावरील दोषारोप आता थांबावेत, हे एका लेखातील प्रतिपादन मला मान्य नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षावरील बंदी उठवून त्याचे नेते नेल्सन मंडेला यांची सुटका करण्याचे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. स्वपक्षीयांचा रोष ओढवून घेऊन सत्ता सोडणारे नेते फार नसतात.

परंतु क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो, वाचकांचा किंवा इतिहासकारांचा नव्हे. बायबलमधील शुभवर्तमानातला जकातदार जक्कयसुद्धा केवळ खेद व्यक्त करून थांबत नाही, तर लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. आर्चबिशप टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगाने (वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या) गुन्हेगारांना शिक्षामाफी देण्यासाठी पश्चात्तापाची नव्हे, तर संपूर्ण सत्यकथनाची अट घातली होती (धर्मगुरूच्या आयोगात ही अट असावी, हे मला विशेष वाटते), आणि तरीही पोलीस कोठडीत मृत्यू पावलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी त्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. डी क्लर्क यांनी मात्र आयोगाचा आपल्याविषयीचा निष्कर्ष न्यायालयामार्फत रोखला, त्यामुळे १९९८ च्या अहवालात तो मजकूर काळा करून छापावा लागला. शिवाय वर्णभेद हा मानवतेविरुद्धचा गुन्हा नव्हता, हे विधान त्यांनी २०२० मध्ये केले आणि टीकेनंतरच ते मागे घेतले.